तुतीच्या फांदीवरचं तेल

डाव्या रॅकवरच्या अळ्या माना डोलवत होत्या. रेशमाची अळी खायच्या दिवसांत मान वर करत नाही, पाल्यात तोंड घालून कुरतडत राहते. शेडमध्ये उभं राहिलं की कोणीतरी वाळका पाचोळा मुठीत चुरतंय असा आवाज येतो. त्या सकाळी तो आवाज फक्त उजव्या रॅकवरून येत होता. डावीकडच्या अळ्यांनी पाला सोडला होता आणि तोंडाने हिरवं पाणी टाकायला सुरुवात केली होती.

मी मुलाला हाक मारली नाही, सुनेलाही नाही. आधी बाहेर आलो आणि बांधापलीकडे बघितलं. तिकडे बद्रीनाथची तूर उभी होती. आदल्या दिवशी तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तिथे फिरताना मला दिसला होता.

आमचं गाव आष्टीकडचं, कोरडवाहू. माझा मुलगा प्रविण आणि सून सुनिता पूर्वी दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. तुती लावल्यापासून ते थांबले होते. पण मागची बॅच रोगाने गेली, आणि मुकादमाचे फोन पुन्हा सुरू झाले. ही बॅच कोषावर गेली नाही तर दोघं ट्रकमध्ये बसणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

बद्रीनाथचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या तुरीच्या शेंगांत अळी पडली होती. त्याला औषध मारायचं होतं, पण वाऱ्याने ते आमच्या पाल्यावर आलं की आमची शेड संपली. मी त्याला महिनाभर थांबवून धरलं होतं. एकदा तो म्हणाला होता, "तात्या, तुमची अळी जगवायला माझी अळी जगवायची का मी?" तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता मला ते हसणं आठवलं आणि वाटलं, मी एकटाच हसलो असेन.

मी सरळ त्याच्या बांधावर गेलो.

"मारलंस का रं शेवटी?"

"काय मारलं?"

"काल पंप व्हता तुझ्या पाठीवर."

"नळी गळत व्हती. पाणी भरून बघत व्हतो."

"पाणी घेऊन शेतभर फिरायचं असतंय व्हय? मला काय लहान लेकरू समजलास?"

बद्रीनाथने तुरीची एक शेंग तोडून ती नखाने फोडली. आत हिरवी अळी वळवळत होती. दुसरी फोडली, तिच्यातही तेच. त्याने दोन्ही अळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"फवारलं असतं तर ह्या नाचल्या असत्या का, तात्या? घ्या, ह्यांना पण पोसा तुमच्या शेडात."

मी अळ्या मातीत झटकल्या. एका कोपऱ्यात मारून दुसऱ्या कोपऱ्यातली शेंग दाखवता येते, हेही मी मनात धरलं. परत येताना बांधाच्या कडेने आणखी चार ठिकाणी शेंगा फोडून बघितल्या. सगळीकडे अळी जिवंत होती.

शेडजवळ आलो तर सुनिता दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, उजव्या रॅकला काहीच न्हाई. सगळ्या खातेत."

"पाला तर एकाच रानातला."

"रान एकच हाय. पण उजवीकडचा पाला मी कोयत्यानं तोडलेला. डावीकडचा ह्यांच्या मशिनीचा."

मशीन म्हणजे बॅटरीवरची छोटी चेनसॉ. शेवटच्या दिवसांत अळी इतकं खाते की कोयत्यावर दोन माणसं पुरत नाहीत, म्हणून प्रविणने ती यंदा आणली होती. तिची चेन एका लोखंडी पट्टीवरून फिरते. पट्टीला तेल नसलं की चेन तापते, अडकते. तेल घातलं की ते फिरताना उडतं. आष्टीच्या दुकानदाराने विकतानाच बजावलं होतं की गाडीचं जळकं ऑइल घालू नका, ते पातळ होऊन सगळीकडे उडतं. लाकूड तोडायचं तर चेनचं चिकट तेल घ्या. पाला जनावराच्या नाहीतर अळीच्या तोंडी जाणार असेल तर घरातलं खायचं तेल थोडंसंच लावा आणि काम झाल्यावर पट्टी पुसून ठेवा, नाहीतर ते चिकटून बसतं.

"कोणतं तेल घातलंस?" मी प्रविणला हाक मारून विचारलं.

"चांगलं हाय, तात्या. चेनचंच."

"करडीचं घालत व्हतास ना?"

प्रविणने सुनिताकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "भाजीला थेंब उरला न्हाई आन तुमच्या चेनीला रोज धार. बोलले मी एकदा."

"एकदा?"

"बरं, दोनदा. म्हणून काय कुठलं बी तेल घालायचं?"

"मग परवा बद्रीनाथकाकांनी दिलं," प्रविण म्हणाला. "ते बाभळी तोडायची कामं घेतेत, त्यांच्याकडं डबा असतोय. त्यातलंच बाटलीत ओतून दिलं. सवताहून आणून दिलं."

स्वतःहून. तो शब्द माझ्या कानात अडकला.

बाटली आणली. लेबल खरवडलेलं होतं. मी बूच काढून वास घेतला. वरून तेलाचाच वास होता, पण खाली नाकाला झोंबणारं काहीतरी होतं. प्रविण म्हणाला, ऑइलचाच वास आहे. मी त्याचं ऐकलं नाही. त्याला बद्रीनाथच्या घरी पाठवलं आणि त्याच्या मोठ्या डब्यातलं वाटीभर तेल आणवलं. सांगायला लावलं की आमचं सांडलं.

मग शेडच्या बाहेर, सावलीत, तीन पानं ठेवली. एकाला करडीचं तेल लावलं, एकाला डब्यातलं, एकाला बाटलीतलं. प्रत्येकावर उजव्या रॅकवरच्या तीन अळ्या सोडल्या आणि आम्ही तिघं उकिडवे बसलो. पहिल्या दोन पानांवरच्या अळ्यांनी तेल लागलेली जागा सोडून कोरड्या कडेने खायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावरच्या थोडा वेळ फिरल्या, मग थांबल्या. माना वर आल्या. हिरवं पाणी आलं.

सुनिता उठली आणि डाव्या रॅकवरचा सगळा पाला ओढून बाहेर टाकू लागली. मी बाटली उचलली आणि बद्रीनाथचं घर गाठलं.

"बद्रीनाथ, ही बाटली कशाची?"

त्याने बाटली हातात घेतली आणि उलटी करून बूड बघितलं. बराच वेळ बघितलं.

"फवारणीचीच असंल," तो म्हणाला. "घरात पडलेली. मी राखेनं धुतली व्हती. साबणानं बी. धुतल्यावर लेबल मीच खरवडलं, लेकरं इखाची बाटली समजून भिऊ नयेत म्हणून."

"अन् त्याच बाटलीत आमाला दिलंस."

"तात्या, मला मारायचंच असतं तर वाऱ्याला सोडलं असतं. माझी तूर बी वाचली असती. तेल द्यायला तुमच्या दारात कावून आलो असतो?"

"तेच इचारतोय मी. कावून आलतास?"

"प्रविणला बायकोचं बोलणं खाताना ऐकलं बांधावरनं. हसू आलं. म्हणलं, द्यावं घोटभर." त्याने बाटली खाली ठेवली. "आता तुमाला काय मानायचं ते माना. पण अर्धी तर गेलीच. मला फवारू द्या."

"अर्धी हाय अजून."

"माझी अर्धी बी न्हाई राह्यली."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोटं बोलणारा माणूस डोळे चुकवतो म्हणतात. बद्रीनाथ डोळे चुकवत नव्हता. पण तो लहानपणापासूनच तसा, चोरलेल्या बोरांचा खिसा दाबूनही तो मास्तरांच्या डोळ्यांत बघायचा.

"अळ्या कोष करायला चढेपर्यंत थांब," मी म्हणालो. "मग मार काय मारायचं ते."

तो हो न म्हणता बाटली उचलून घरात गेला.

मशीन धुतली. सुनिताने पट्टी काढून तिची खाच गरम पाण्याने आणि राखेने घासली, चेन मात्र नवीनच टाकायला लावली. आता तेल तिच्या हातातून सुटतं. करडीचं, बोटाला लावून दाखवते तेवढंच, आणि पुसायचं फडकं प्रविणच्या खांद्यावर टाकल्याशिवाय ती त्याला रानात जाऊ देत नाही. भाजी त्या दिवसांत कोरडीच झाली.

मी रोज सकाळी उठून बांधावर बसू लागलो. वारा कुठून येतो ते धूळ उडवून बघायचो. उजव्या रॅकवर अळ्या खात होत्या, अंगाला पिवळसर झाक येऊ लागली होती. अजून थोडा वेळ हवा होता.

अळ्या चढायच्या आदल्या सकाळी बद्रीनाथ आला. पाठीवर पंप होता. मी उठलो. त्याने मला बघितलं, पंप पाठीवरून उतरवून बाभळीला टेकवला आणि काखेतलं रिकामं पोतं काढलं. ते तुरीच्या झाडाखाली पसरून एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने झाड गदागदा हलवलं. शेंगांवरच्या अळ्या टपटप खाली पडल्या. पोतं एका बाजूने गोळा होत होतं, अर्ध्या अळ्या मातीत जात होत्या.

"बसून काय बघता?" तो ओरडला. "एक टोक धरा."

मी बांध ओलांडून खाली उतरलो आणि पोत्याचं टोक धरलं. त्याचं काम लवकर उरकलं असतं. शिवाय इथे उभं राहिलं म्हणजे त्याचे दोन्ही हात माझ्या नजरेसमोर होते.