गुलाबरावनं आवाज दिला नाही

चंद्रशेखरचा ट्रक रिव्हर्समध्ये गोदामाकडे येत होता आणि आपली गाडी रिकामी व्हायची वाट बघत गुलाबराव दाराशी उभा राहून पाहत होता. डाव्या अंगाचा सिमेंटचा खांब चंद्रशेखरला आरशात दिसत नसणार, हे त्याला कळत होतं. "थांब" एवढं ओरडलं असतं तरी पुरे होतं. शब्द ओठांवर आलाही. त्यानं तो गिळला.

धाडकन आवाज झाला. मागचा दिवा फुटला, ट्रकच्या मागच्या झडपेचा फाळका आत दबला.

दोघंही डोणगावचे. कित्येक वर्षं एकाच ट्रान्सपोर्टमध्ये होते. तिथे ड्रायव्हरनं ऑफिसात खुर्चीवर बसायचं नाही, आणि शेठनं शिवी न देता हाक मारली तर दिवस चांगला समजायचा. दिवाळीनंतर चंद्रशेखर मेहकरच्या सिंधूताईंच्या ट्रकवर लागला, गुलाबराव शेठकडेच राहिला. पगार तेवढाच. तेच गुलाबरावला जास्त सलायचं. पैशासाठी गेला असता तर समजण्यासारखं होतं. हा तर तिकडे जाऊन हसायला लागला होता!

'घे, आता खा शिव्या,' असं मनात म्हणत तो सरकत जवळ आला. चंद्रशेखरनं स्पीकरवरच फोन लावला होता.

"ताई, गाडी ठोकली माह्याकडून. खांब दिसला नाही."

"तुम्हाले लागलं तं नाही ना, भाऊ?"

"नाही, ताई."

"मंग बसा जराक, पाणी प्या. हात थरथरत असतीन तं गाडी काढू नका. दिव्याचं पाहू मागून."

गुलाबरावला लोणारजवळचा तो उन्हाळा आठवला. टायर फुटून गाडी नाल्यात गेली होती. कपाळातून रक्त गळत असताना त्यानं फोन केला, तर शेठनं पहिलं विचारलं होतं, "कोणतं टायर फुटलं बे? नवं का जुनं?"

चंद्रशेखर घाम पुसत आला. "गुलाबभाऊ, तुमी मागंच होते ना? तुमाले नाही दिसला खांब?"

"माहं ध्यान नव्हतं."

"जाऊ द्या." त्यानं लगेच विश्वास ठेवला. "आमच्याकडं एक ड्रायव्हर पाह्यजे. ताईले तुमचं नाव सांगू काय?"

हो म्हणायला गुलाबरावचं मन धावलं. पण समोर तो दबलेला फाळका होता.

"काऊन? मले तिथं काय कमी हाय?" तो म्हणाला. "शेठ सोडत नाही मले."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शेठचाच.

"कुठं मेला बे? गाडी खाली झाली का नाही?"

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गुलाबरावनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"हो शेठ, जेवलो," चंद्रशेखरकडे पाहत तो म्हणाला. "तुमी बी जेवून घ्या."

"दारू पेला काय बे?" पलीकडून शेठ खेकसला आणि त्यानं फोन कट केला.

चंद्रशेखर बरं वाटून हसला आणि फुटलेल्या काचा वेचायला वळला. कट झालेला फोन कानाशी तसाच धरून गुलाबराव मान हलवत राहिला.