एक ब्लेड अंतर

परिवहन कार्यालयाच्या पत्रात आमच्या गाडीचा उल्लेख 'सदर वाहन' असा होता. एकेचाळीस वर्षं घरात राहिलेल्या माणसाला कुणी 'सदर इसम' म्हणावं, तसं वाटलं. सदर वाहन गुरुवारी दुपारी चारच्या आत तपासणीला हजर करावं, चालण्याच्या आणि धुराच्या चाचणीत ते उतरलं नाही तर नोंदणी रद्द होऊन ते मोडीत काढलं जाईल, असं लिहिलं होतं. खाली 'आपला विश्वासू' होतं.

ताईला फोन केला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे निर्णयाच्या बाबतीत साठ वर्षांनी.

"जाऊ दे की आता मोडीत," ती म्हणाली. "बाबा गेले, आता ती कशाला ठेवायची?" जणू बाबा घाईत निघाले आणि गाडी बरोबर न्यायची तेवढी राहून गेली. "आईला सांग, हल्ली बटन दाबलं की दारात टॅक्सी येते."

मी आईच्या घरी जाऊन तिला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"आणि ते बटन दाबायला तुला फोन करायचा," आई म्हणाली. "तू तासात, ताई मीटिंगमध्ये. मग मी 'निघू का, नको का' विचारत पर्स मांडीवर घेऊन बसायचं." तिने शेंग मोडली. "ही गाडी गेली तर मी आयुष्यभर कुणाच्या तरी सोयीनं जाणार. एवढं लक्षात ठेव, आणि मग काय करायचं ते करा दोघं मिळून."

आईचं वय बाहत्तर. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, गाडी तीच चालवत होती. दवाखाना, ग्रंथालय आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी तिची एक मैत्रीण, जिच्याशी तिचं दर आठवड्याला भांडण व्हायचं आणि ते समोरासमोरच व्हावं लागायचं. बस तिच्या गुडघ्यांना मानवत नव्हती.

आता गाडीचं दुखणं सांगतो. ती मिसिंग मारत होती. म्हणजे चारांपैकी एखादा सिलिंडर मध्येच कामावर यायचा बंद होई आणि गाडी उचकी लागल्यासारखी चाले. प्लग जुने झाले होते, एवढं मलाही कळत होतं. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. कारण आणि परिणाम हा माझा प्रांत आहे. मी गुरुवारची रजा टाकली आणि आईला म्हटलं, "तू बस. मी बघतो."

सुट्या भागांच्या दुकानदाराने चार प्लग काउंटरवर ठेवले. "कंपनीतूनच गॅप लावून येतात, सर. लावा आणि विसरा."

गुरुवारी सकाळी आठला मी ते लावले. विसरणं मात्र जमलं नाही, कारण गाडी आधी निदान उचक्या देत होती, ती आता नुसती खोकू लागली. नव्या गाड्यांचे प्लग लांब उडीच्या ठिणगीसाठी बनवलेले असतात. आमच्या गाडीच्या ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला तेवढी उडी या वयात झेपणार नव्हती. टोकांमधलं अंतर, म्हणजेच गॅप, कमी करायला हवं होतं. पण किती?

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याचा तक्ता होता. कसरीने अख्खी पुस्तिका सोडून नेमका तोच रकाना खाल्ला होता. इंटरनेटवर तीन वेगवेगळे आकडे सापडले आणि प्रत्येकाखाली पंधरा-वीस माणसं एकमेकांची अक्कल काढत होती.

मग मी बाबांची वही काढली.

बाबा शाळेत भूमिती शिकवायचे. 'अंदाजे' हा शब्द वर्गात उच्चारणाऱ्याला ते बाकावर उभं करत. घरातली प्रत्येक दुरुस्ती त्यांनी प्रमेयासारखी लिहून ठेवली होती. 'पक्ष : गाडी सुरू होत नाही. साध्य : गाडी सुरू करणे.' पुढे रचना, पुढे सिद्धता. एका पानावर मात्र सिद्धतेच्या जागी 'शेजाऱ्याने ढकलली' एवढंच आहे.

ती वही हातात घेतली की मला रविवारची सकाळ दिसते. अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चार प्लग ओळीने, एक ते चार, कारण कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे विसरलात तर कुठला सिलिंडर आजारी हे सांगायला कुणी उरत नाही, असं बाबांचं म्हणणं. बनियनमधले बाबा एकेक प्लग हात लांब करून उजेडात धरायचे आणि निदान सांगायचे. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर तब्येत उत्तम. काळं असलं तर पेट्रोल जास्त पितोय. पांढरं पडलं असेल तर अंगात ताप आहे. ताईकडे पाना असे आणि ती तो मला देत नसे. आई मागे कुठेतरी उभी असायची, हातात काहीतरी घेऊन. ते फडकं असावं, असं मी धरून चाललो होतो. त्या सकाळींना पेट्रोलचा, उन्हाने तापलेल्या रबराचा आणि छापील शाईचा वास होता. आता वर्तमानपत्र फोनवर येतं. त्यावर प्लग ठेवता येत नाहीत.

वहीत 'प्लग' या मथळ्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'अंतर – एक ब्लेड.'

बस्स. मिलिमीटर नाही, इंच नाही. आयुष्यभर इतरांकडून एककं मागणाऱ्या माणसाने स्वतः एकक म्हणून काय लिहावं, तर ब्लेड. पण मी तर्क लढवला. बाबा रोज सकाळी दाढी करत. दाढीचं ब्लेड घरात नेहमी असे. ते पातळ, सरळ आणि सगळीकडे सारख्या जाडीचं असतं. म्हणजे मापाला उत्तम. बाबांच्या कपाटात एक न उघडलेली पुडीसुद्धा सापडली, तेव्हा तर मला पुरावाच मिळाल्यासारखं वाटलं.

मी अंगठा कापून घेतला, पण चारही प्लगच्या टोकांत दाढीचं ब्लेड कसंबसं सरकेल एवढीच फट ठेवली. तर्कात कुठेही चूक नव्हती. फक्त गाडी सुरू होत नव्हती.

साडेअकरा वाजले होते. आई दारात आली. "काही हवंय का?"

"नको. तू बस. मी बघतो."

ती गेली. मीही गेलो, फोरमनकडे.

फोरमन म्हणजे ज्यांच्याकडे आमची गाडी मोठ्या दुखण्यासाठी जायची ते. ते कुठल्या कारखान्यात फोरमन होते हे कुणालाच माहीत नव्हतं, पण गावात त्यांना दुसरं नाव नव्हतं. गॅरेजच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. फोरमन त्याच दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून तोंड वाकडं करतात.

"मास्तरांचा मुलगा ना तू? कॉलेजात शिकवतोस तो?" त्यांनी माझ्या अंगठ्याची पट्टी बघितली. "काय शिकवतोस?"

"तर्कशास्त्र."

"असू दे. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. दाढीच्या ब्लेडपर्यंत आलो तेव्हा ते इतके हसले की आतला कव्हरवाला पाणी घेऊन बाहेर आला.

"अरे, दाढीचं ब्लेड? प्लगची दाढी करायचीय का? इतक्याशा फटीत ठिणगी काय, डास अडकेल! ब्लेड म्हणजे हेक्सा ब्लेड, बाबा! लोखंड कापायच्या करवतीचं पातं. प्रत्येक गॅरेजात पडलेलं असतं. त्याची जाडी म्हणजे तुझ्या गाडीचा गॅप. आम्ही सगळे तेच वापरायचो."

"मग बाबांनी तसं लिहायचं ना!"

"मास्तरांना काय ठाऊक? ते वही लिहायचे." फोरमननी डोळे पुसले. "गॅप लावायच्या मास्तरीणबाई."

"कोण?"

"तुझी आई. मास्तरांना चाळिशी लागली तेव्हापासून जवळचं दिसत नव्हतं आणि चष्म्याला ते तयार नव्हते. वर्गातली पोरं हसतील म्हणायचे. प्लग हात लांब करून नाही बघायचे? रंग बिंग सांगायचे, भाषण द्यायचे. पातं बाईंच्या हातात. पहिल्यांदा मीच शिकवलं त्यांना, इथंच. दुसऱ्या खेपेला मला म्हणाल्या, फोरमन, तुमचा हात जड आहे."

मी अंगठ्यावरची पट्टी उगाच घट्ट केली.

"तिला विचारलंस का?" फोरमन म्हणाले.

तर्कशास्त्रात एक दोष आम्ही पहिल्याच सत्रात शिकवतो. सगळे पर्याय तपासले असं समजायचं आणि एक पर्याय डोळ्यांसमोर उभा असतो. मी पुस्तिका बघितली, इंटरनेट बघितलं, मेलेल्या माणसाची वही बघितली आणि कव्हरांच्या दुकानापर्यंत चालत आलो होतो. ती 'काही हवंय का' विचारायला स्वतः दारात आली होती.

त्या रविवारच्या सकाळी पुन्हा आठवून बघितल्या. बाबा होते तिथंच होते. आईच्या हातातलं फडकं मात्र आता फडकं राहीना.

आईकडे परत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आई जेवायचं थांबली होती.

"आई, हेक्सा ब्लेड आहे का गं घरात?"

तिने माझ्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं. "फोरमन किती हसले?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तू बस, तू बस. बसले." ती उठली. "तू काय लावत होतास ते मला खिडकीतून दिसत होतं. म्हटलं कॉलेजात नवीन पद्धत निघाली असेल."

"आणि वहीत बाबांनी तुझं नाव..."

"वहीत नावं नसतात, पद्धत असते," ती बाबांच्या आवाजात म्हणाली आणि स्वतःच हसली. "लिहू दे की रे. त्यांना लिहायला आवडायचं. मला करायला आवडायचं. भांडण कशावर करणार?"

शिवणाच्या डब्यातून तिने बोटभर लांबीचा एक तुकडा काढला. दाते झिजलेले, पाठ गुळगुळीत. चष्मा लावला, ओट्यावर लाकडी पाट ठेवला आणि पहिला प्लग हातात घेतला.

"दात्यांनी मोजायचं नाही. दाते बाहेर झुकलेले असतात, माप वाढतं. पाठीनं मोजायचं." वाकलेलं टोक तिने हलकेच उचललं. "मधल्या दांडीला टेकू द्यायचा नाही, तिची चिनीमाती तडकते. आता बघ." पातं फटीत सारलं. ते सैल गेलं. तिने टोक पाटावर दोनदा टुकटुक केलं, परत पातं सारलं. "अडकायला नको आणि नुसतं पडायलाही नको. ओढताना कुणीतरी पदर धरल्यासारखं वाटलं पाहिजे. ओढ तू."

मी ओढलं. खरंच कुणीतरी धरलं होतं.

चार प्लग व्हायला वीस मिनिटं लागली. तिसऱ्यावर ती नाखूश होती. तो तिने पुन्हा केला. मी घड्याळ बघितलं तर म्हणाली, "घड्याळ बघून गॅप लागत नाही." मग मी प्लग बसवले. आधी पान्याला हात लावायचा नाही, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचे, आडवे गेले तर आटे जातात, मग पान्याने अर्धा फेरा, त्याहून जास्त मर्दुमकी नको. या सूचना खिडकीतून येत होत्या, कारण ती आत साडी बदलत होती.

पावणेतीनला तिने किल्ली फिरवली. गाडी एकदा घसा खाकरून सुरू झाली आणि मग असा आवाज आला की मी बॉनेट धरून तसाच उभा राहिलो. शाळेला उशीर झाला की आतून दप्तर घेऊन धावताना बाहेर हाच आवाज चालू असायचा. एकसारखा, सावकाश, आपल्यासाठी थांबलेला. तो आवाज गेल्या कित्येक वर्षांत हळूहळू बिघडत गेला होता आणि कुणालाच कळलं नव्हतं.

"बाबा गेल्यावर मी उघडलंच नाही बॉनेट," आई म्हणाली. "रंग सांगायला कुणी नव्हतं." आणि गिअर टाकला.

तपासणीच्या आवारात आमच्यापुढे सहा गाड्या होत्या. त्यातली सर्वांत म्हातारी आमच्या गाडीची नात शोभली असती. तपासनीस पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, धुराड्यात नळी घातली आणि यंत्राच्या आकड्याकडे बघत बसला. आकडा वर चढला, थबकला, खाली आला. त्याने नळी काढून पुन्हा घातली, यंत्रच बिघडलं असावं म्हणून. आकडा तोच.

"ट्यूनिंग कुणाकडे केलं?"

"घरीच," मी म्हणालो. "आईनं."

त्याने माझ्याकडे, मग स्टिअरिंगमागे बसलेल्या आईकडे बघितलं. पॅडवर त्यासाठी रकाना नव्हता. त्याने शिक्का मारला आणि कागद खिडकीतून आत दिला.

"एक वर्ष दिलंय, आजी. एवढ्या जुन्या गाडीला एका वेळी एकच मिळतं. पुढच्या वर्षी परत या, मग बघू काय होतंय."

आईने कागद वाचला, तारीख पुन्हा वाचली, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"येईन की," ती म्हणाली. "तुम्ही असाल ना तोपर्यंत? बदली-बिदली होणार नाही ना?"

तपासनिसाने उत्तराचा विचार करायला सुरुवात केली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी दार उघडून बसायला गेलो तर ती म्हणाली, "तू कुठं? तुझं घर त्या बाजूला. मला आज मैत्रिणीकडे जायचंय," आणि मी फाटकापाशी उभं राहून ऐकत राहिलो. वळणाच्या पलीकडे गेली तरी गाडीने एकदाही ठोका चुकवला नाही.