एफीसाठी राखलेला बिल्ला

मित्रांनो, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, कडा झिजलेला असा मी एक जुना शिशाचा बिल्ला आहे. दिसतो नाण्यासारखा, पण माझ्या बदल्यात तुम्हाला कुणी एक बटाटासुद्धा देणार नाही. स्कॉटलंडजवळच्या आमच्या लुईस बेटावर मला मान होता तो वेगळ्या कारणासाठी. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी जाणती माणसं, आम्हाला वाटायचे. ज्याच्या हाती बिल्ला, त्यालाच रविवारी पांढऱ्या कापडाच्या लांब मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घेता यायचा. बाकीच्यांनी मागच्या बाकांवरून बघायचं.

माझा जन्म गावच्या लोहाराकडे झाला. मासेमारीच्या जाळ्यांना बांधलेलं जुनं शिसं वितळवून त्याने आम्हाला साच्यात ओतलं. समुद्रातून सुटून एकदम चर्चमध्ये आलो, म्हणून मी तेव्हा फार फुशारलो होतो.

पण आमच्या लोकांची एक रीत होती. बिल्ला कुणी कुणाला देऊ करत नसे. ज्याने त्याने आपण होऊन उठायचं आणि मागायचा. आणि स्वतःला लायक समजणं हेच इथे मोठं पाप. त्यामुळे जन्मभर प्रार्थनेत गुडघे झिजवून मागच्या बाकावरच म्हातारी झालेली कितीतरी माणसं मी पाहिली. मला त्याची चीड यायची, पण शिशाला कोण विचारतो?

एफी त्यांच्यातलीच. एका हिवाळ्यात तिचा नवरा आणि मुलगा एकाच होडीतून गेले, ते परतलेच नाहीत. त्या वर्षी हेरिंग मासळीनेही पाठ फिरवली आणि बटाटे जमिनीतच कुजले. तरी तिच्या घरची संध्याकाळची उपासना चुकली नाही. आमच्याकडे स्तोत्राची ओळ घरचा पुरुष आधी एकटा म्हणतो आणि मग सगळे ती उचलून धरतात. एफी आता स्वतःच ओळ म्हणायची, क्षणभर थांबायची आणि स्वतःच ती उचलायची. मी हे ऐकलं ते मर्डोच्या जाकिटाच्या खिशातून. मर्डो मंडळीतला वडील, तिचा शेजारी. बिल्ल्यांची पिशवी त्याच्याकडे असे, आणि मी त्याच्या खिशात राहून गेलो होतो. तिच्यासाठी जळणाची टोपली घेऊन तो दाराबाहेर उभा होता आणि स्तोत्र संपेपर्यंत त्याला आत जाववेना.

आत शेगडीपाशी मोरॅग बसली होती. ही एफीची मैत्रीण, जिभेने तिखट.

"बरा आलास मर्डो," ती म्हणाली. "हिला सांग काहीतरी. हिच्यासारखीने मेजाशी बसायचं नाही, तर आमच्यासारख्यांनी चर्चच्या दारात तरी कशाला उभं राहायचं?"

"तुझ्या तोंडाला लगामच नाही गं," एफी म्हणाली. मग विस्तव सारखा करत ती पुढे बोलली. "होडी आली नाही ना, त्या दिवशी मी देवाला विचारलं, झोपला होतास का? असल्या तोंडाने त्याची भाकर खाऊ?"

खिशात मर्डोची बोटं माझ्याभोवती आवळली. त्याची धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा गोठ्यामागे उभा राहून तो देवाला याहून वाईट बोलला होता. मला ठाऊक आहे, कारण त्या शनिवारी मी त्याचाच बिल्ला होतो. आता बोल, मी मनात म्हणत होतो. सांग तिला.

"देवाची इच्छा," मर्डो म्हणाला, आणि चहा संपवून निघाला. मंडळीच्या वडिलाने असली गोष्ट बायकांपुढे कशी कबूल करायची?

त्यानंतर दर प्रभुभोजनाला तो मला पिशवीतून वेगळं काढून खिशात ठेवी आणि बायकांच्या बाकांकडे बघत राही. एफी मान खाली घालून गायची. तिचा आवाज सगळ्यांत सुरेख होता, पण ती उठली नाही. एका थंडीत छातीत कफ भरून ती गेली.

"शेवटपर्यंत विचारत होती," मोरॅगने मर्डोला घराच्या दारातच गाठून सांगितलं. "देव अजून रागावलेला असेल का, म्हणून."

पुढच्या प्रभुभोजनाचा शुक्रवार आला. त्या दिवशी खऱ्या विश्वासाच्या खुणा कोणत्या, यावर पुरुषांनी उभं राहून आपला अनुभव सांगायचा असतो. पाळकसाहेबांनी मर्डोचं नाव घेतलं. तो उठला.

"मुलगी गेली तेव्हा मी देवाला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी मेजाशी बसलो, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मला तरी हीच एक खूण माहीत आहे." त्याला आणखी बोलायचं होतं, पण तो खाली बसला.

शनिवारी मागच्या बाकांवरून बायका उठू लागल्या. वर्षानुवर्षं न उठलेल्या. पिशवी रिकामी झाली आणि मोरॅग अजून उभीच होती. मर्डोने खिशातून मला काढलं.

"हा तिचा?" मोरॅगने विचारलं.

"हो."

"मग तिला का नाही सांगितलंस रे, काल सांगितलंस ते?"

मर्डोने मला तिच्यापुढे धरलं. मोरॅगने मला घेतलं. रविवारी मेजाशी बिल्ले गोळा करायचं काम मर्डोचंच होतं. तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. मीही मेजापर्यंत पोचलो होतो, पण ज्या हातातून यायचं होतं त्या हातातून नाही. ते दुःख मला अजून आहे.

आता आमच्याऐवजी कागदी चिठ्ठ्या आल्या आणि आम्ही काचेच्या कपाटात पडून आहोत. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण दुःखात असलेल्या कुणाला धीर देईल असं काही तुमच्याजवळ असेल, तर ते लाजेपोटी खिशात राखून ठेवू नका. मर्डोला फक्त एक वाक्य सांगायचं होतं, आणि एफीचं घर दोन शेतांपलीकडे होतं.