दगडूचा धोटा आणि नलूचे हात

मी एक धोटा आहे, मित्रांनो. जुना म्हणालात तरी रागावणार नाही, पण मला लाकडाचा तुकडा मात्र म्हणू नका. पोटात सुताची कांडी घेऊन मी परळच्या एका कापड गिरणीत दगडू नावाच्या कामगाराच्या साच्यावर, म्हणजे मागावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचो, तेव्हा कुठे कापड विणले जायचे. साचेखात्यात खडखडाट असा, की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नसे. म्हणून सगळे कामगार हातांनी बोलत. चहा, सुट्टी, मुकादम आला, इतकेच काय, चेष्टामस्करीसुद्धा हातांनीच चाले.

माझे टोक फुटले तेव्हा दगडूने मला डिलाईल रोडच्या खोलीवर आणले. पुढे संप झाला, गिरणी कायमची बंद पडली आणि दगडू वॉचमन झाला. काही वर्षांनी नलू जन्मली. ती मोठी होऊ लागली, तरी बोलत नसे. माझ्या गुळगुळीत पाठीवरून बोटे फिरवायची आणि आनंद झाला की हात फडफडवायची. दगडूने तिला गिरणीतल्या खुणा शिकवल्या. बापलेकीच्या गप्पा काय रंगायच्या!

मग डॉक्टरांनी सांगितले, नलू स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. वागणूक सुधारण्यासाठी ती दादरला हेमचंद्र सरांच्या वर्गात जाऊ लागली. सर मनाने वाईट नव्हते. त्या काळी तसेच शिकवत. "हात खाली! माझ्याकडे बघ!" नलूने हात मांडीखाली दाबून त्यांच्या डोळ्यांत पाहिले, की बक्षीस म्हणून मी तिला थोडा वेळ मिळायचो; त्यासाठी मलाही रोज वर्गात नेत. वस्तू तिचीच, आणि तिनेच ती कमवायची! मला फार लाज वाटायची. घरीही खुणा बंद करा, नाहीतर ती तोंडाने बोलणार नाही, असे सरांनी बजावले. आयुष्यभर हातांनी बोललेला दगडू शिकल्यासवरल्या माणसाचे ऐकून हात पाठीमागे बांधून घरात वावरू लागला.

नलू हळूहळू तोंडाने बोलू लागली, हात न हलवता बसू लागली. चाळ म्हणाली, "पोरगी काय सुधारली!" तिने मला हात लावणे मात्र सोडले. मी कपाटावर धूळ खात पडलो.

नलू आता पस्तिशीची आहे. शिवणकामाच्या दुकानात जाते. दर रविवारी तिच्यासारखी स्वमग्न मोठी माणसे दादरला जमतात. तिथे कुणी कुणाचे हात धरत नाही. परवा तिथून आल्यावर ती दगडूला म्हणाली, "बाबा, वर्गात सर काय शिकवायचे ते मला कळायचंच नाही. सगळा जीव हात दाबून ठेवण्यात जायचा. घरी येईपर्यंत डोकं फुटायचं."

दगडू चहा गाळता गाळता थबकला. "अगो, मग मला तेव्हाच का नाय सांगितलंस?"

"कशानं सांगणार? हात तर खाली होते."

म्हाताऱ्याने गाळणी खाली ठेवली. रडला, मी पाहिले. मग त्याने दोन्ही हात उचलले आणि इतक्या वर्षांनी खुणेने विचारले, 'जवळ येऊ?' नलूचे हात आधी नुसतेच फडफडले. मग ते स्पष्ट म्हणाले, 'आता नको. थांब.' त्या वर्गात नको म्हणायची सोयच नव्हती. दगडू डोळे पुसत हसला आणि जागचा हलला नाही.

मित्रांनो, कुणाचे हात हलताना दिसले, तर ते खाली करायला धावू नका. ते काय म्हणताहेत ते आधी पाहा, आणि नको म्हणत असतील तर थांबा. मला पुन्हा हातात घ्यायचे की नाही, तेही नलूच ठरवेल. मला घाई नाही.