भिंतीत अडकलेला हात

मित्रांनो, मी एक जुना कंपोनंट आहे. कंपोनंट म्हणजे संगणकाच्या प्रणालीतला नेमून दिलेले एकच काम करणारा छोटा भाग. आम्ही सर्व्हरवर कंटेनर नावाच्या घरात राहतो. काय हवे ते ठरलेल्या दारावर मागायचे आणि घराने ते द्यायचे, असा आमचा रिवाज आहे. त्या दाराला इंटरफेस म्हणतात. मी तो रिवाज पाळला नाही, म्हणून आज इथे अडकून पडलो आहे.

माझा जन्म सक्करदऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसात झाला. नरखेड तालुक्यातले बागायतदार बहारासाठी संत्र्याच्या झाडांचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. जमिनीतली ओल पाहून ताण कोणत्या दिवशी सोडायचा हे सांगणे, एवढेच माझे काम. मला घडवणारे संजीव सर घाईत होते. बागा ताणावर होत्या आणि माझे दार बांधायला अजून दोन दिवस लागणार होते. त्यांनी माझा हात सरळ घराच्या भिंतीतल्या खासगी कपाटात घातला. ओलीचे आकडे तिथेच होते.

"चल गा, आज काम भागव. मंग सवडीनं नीट करीन तुले," ते म्हणाले.

ती सवड काही आली नाही. माझा हिशोब मात्र अचूक निघाला. कौशल्याबाई नावाच्या एक बागायतदार दरवर्षी नोव्हेंबरात, तोडणी झाली की, ऑफिसात संत्र्यांची पेटी पाठवू लागल्या. खोटे कशाला बोलू, मी फुशारलो. माझा हात कुठे आहे हे कोणी पाहिले नाही, मीही नाही.

मग नवे कंटेनर आले. माझे सगळे सोबती एका दुपारीत तिकडे गेले, बागायतदारांना मेसेज पाठवणारा कंपोनंटसुद्धा. संजीव सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या दामिनीने मलाही नेऊन पाहिले. तिथे ते कपाट नव्हते. मी उंबऱ्यावरच कोसळलो.

"सर, याले नीट करा न. नाही तं हा इथंच सडन," ती म्हणाली.

"राहू दे त्याले जुन्या मशीनवर. दोन्ही घरं मंग जोडून घेऊ," संजीव सर म्हणाले.

पुन्हा तेच 'मंग'. मला फार राग आला, पण माझ्या रागाला दार कुठे होते?

जानेवारीत माझे उत्तर तयार झाले: आज पाणी द्या. पण ते घ्यायला घरात कोणीच नव्हते. मी रोज तेच सांगत राहिलो. नवव्या दिवशी कौशल्याबाईंचा फोन आला.

"काहून वं पोरी, यंदा मेसेज नाही आला? तुमच्या भरवशावर मी मोटर बंद ठेवून राहिली, अन् झाडाची पानं गळून राहिली."

दामिनीने जुने मशीन उघडले. नऊ ओळी, नऊही सारख्याच. ती फोनवर म्हणाली,

"मावशी, आत्ताच पाणी सोडा. चूक आमची आहे."

आता ती माझा हात एकेक ओळ करून भिंतीतून सोडवते आहे. दुखते, पण मी कुरकुर करत नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखे कोणाला घडवाल. कितीही घाई असली तरी आधी त्याचे दार बांधा. हात भिंतीत घालू देऊ नका.

नोव्हेंबर सरला. यंदा कौशल्याबाईंची पेटी आली नाही. ताण नऊ दिवस लांबल्याने त्यांच्या बागेत फूलच धरले नव्हते.