फेकनीकाकीने पाहिलेले पाय

या, असे जवळ या. मागे बसलेल्या मायबाईंनीही पुढे सरकावं. आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नव्हे. पायांची गोष्ट आहे, आणि पायांविषयी बोलायचं तर थोडं खाली वाकूनच बोलावं लागतं. ऐकून उठाल तेव्हा स्वतःचीच पावलं जरा निराळी वाटतील, एवढा माझा शब्द.

“बम, पाय द्या इकडं.”

बिंदेश्वरी मंडलने पाय उलट आखडून घेतले. गरम पाण्याची परात घेऊन समोर बसलेली म्हातारी त्याच्या आईच्या वयाची होती. श्रावणातल्या यात्रेच्या वाटेवर, जिलेबिया मोडच्या सेवाशिबिरात तो चटईवर बसला होता. उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. आणि बसला, तिथेच सगळं संपलं होतं. तिकडे शंकराच्या यात्रेकरूला बम म्हणतात. सुलतानगंजला गंगेचं पाणी घ्यायचं आणि चोवीस तासांत देवघरच्या बाबा बैजनाथाला घालायचं, अनवाणी, वाटेत कुठेही न थांबता, तो डाक बम. जो टेकला तो साधा बम. सहा वर्षांपूर्वी सुनैना, त्याची बायको, विषमज्वरातून उठली तेव्हा त्याने डाक बम होऊन पाणी आणीन असं बाबाला सांगितलं होतं. मुंगेरच्या शाळेतली कारकुनी सांभाळून तो सराव करी. कधी गुडघा धरे, कधी नडगी, कधी टाच. बरं वाटलं की पुन्हा धावे, पुन्हा धरे. आणि लागोपाठ तीन श्रावण याच टापूत गुडघ्याने दगा दिला होता.

“काकी, तुम्ही नका. माझे मी धुतो.”

“का? सोन्याचे आहेत? छत्तीस श्रावण झाले, दरोगाचे धुतले, मास्तरचे धुतले, एका चोराचेही धुतले. चोराचे पाय फार छान होते हो! काय हलका चालत असेल बिचारा!”

आजूबाजूचे बम खो खो हसले. त्या हशात म्हातारीने, म्हणजे फेकनी देवीने, त्याचा पाय परातीत ओढलासुद्धा. मग तळवा उलटा करून कंदिलापाशी धरला.

“टाच फुटलीय. आणि चवडा बघा, तान्ह्या बाळाचा. बम, गुडघ्याला शिव्या घालू नका. तो मार खाणारा. मारणारे तुम्ही.”

“म्हणजे काय?”

“लांब लांब ढांगा टाकता आणि टाच आपटता. देवघरला पोचलेले काही जण परतताना इथं उतरतात, पाय दाखवायला. त्यांची साल चवड्याखाली गेलेली असते. इथून ज्यांना गाडीत घालून नेतात ना, टाच फुटलेली त्यांची.”

बिंदेश्वरीला राग आला. “कष्ट झाल्याशिवाय सेवा कसली, काकी?”

“बाबानं पाणी मागितलं. गुडघे कधी मागितले?”

मुंगेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर जिना चढणंही विसरा. सुनैना म्हणाली, “अहो, चालत जा ना सावकाश. बाबा काही घड्याळ घेऊन बसलेला नाही.” ते त्याला पटतही होतं. पण बोललेला शब्द घशात अडकून बसला होता. एकच वर्ष, त्याने मनाशी ठरवलं. शेवटचं.

दिवाळीनंतरची छठपूजा उरकल्यावर पिशवीत प्रसादाचे गोड ठेकुए घालून तो फेकनीच्या दारात उभा राहिला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओळख पटेना. मग खाली पाहिलं.

“अरे! टाचवाले बाबू!”

तिने त्याला भाताच्या दोन खाचरांमधल्या बांधावर नेलं. बांध वीतभर रुंद, वर ओली माती.

“धावा.”

“इथं? पाऊल ठेवायला जागा नाही.”

“म्हणून तर.”

त्याने सवयीची ढांग टाकली, टाच सरकली आणि तो थेट खाचरात. कापणीच्या बाया विळे टाकून हसल्या. “काकी, हे कुठलं नवं बेणं लावलंत?”

“उगवेल, उगवेल,” फेकनी म्हणाली. “बाबू, उठा. पाऊल पुढं फेकायचं नाही, अंगाखाली पडू द्यायचं. छोटं टाका, लगेच उचला. गुडघा जरा वाकलेला ठेवा, तुळईसारखा ताठ नको. आणि कान उघडे. आपलं पाऊल आपल्याला धपकन ऐकू आलं की समजा, गुडघ्याला लागलं.”

ती स्वतः जन्मात कधी धावली नव्हती. पण एवढ्या मंडळींचे पाय मांडीवर घेतल्यावर, कोणती पावलं काय करून आलीत, हे तिला न कळायला काय झालं? आपल्या कीर्तनात नाही का, लय वाढली की टाळकरी टाळ जोराने आपटत नाही, हात जवळ आणतो. तेवढंच होतं ते. आणि तेवढंच अवघड.

“आज शंभर पावलं. पुरे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पहिला महिना पोटऱ्या पेटल्या. तिने निरोप धाडला, पेटू देत, इतकी वर्षं निजल्या होत्या, पण वाढवू नका. तो सुट्टीच्या दिवशी जाई, इतर दिवशी गंगेकाठच्या वाळूत आपल्याच खुणा बघत धावे. टाचेचा खड्डा हळूहळू बुजत गेला. सुनैना म्हणे, “अहो, घरात आलात तरी कळत नाही हल्ली. खोकत तरी या.”

माघात त्याला इतकं बरं वाटलं की आनंदाच्या भरात तो एका दमात दहा मैल धावला, आणि पोटरी धरली. लंगडत जिलेबियाला गेला.

“पाय टाकायला शिकलात,” फेकनी तेल चोळत म्हणाली, “थांबायला कधी शिकणार? मी मेल्यावर?”

तीन आठवडे तिने त्याला नुसतं चालवलं.

श्रावण आला. रविवारी सकाळी अकराला सुलतानगंजला गंगेत बुडी मारून, कमरेला पाण्याचा गडू बांधून तो निघाला. असरगंज, तारापूर. तरणे डाक बम त्याला मागे टाकून जात, “काका बम, बाजूला!” म्हणत. तो छोटी पावलं टाकत राहिला.

दिवस मावळताना जिलेबिया मोड आला. शिबिरापुढे फेकनी तापलेल्या डांबरावर बादलीने पाणी ओतत होती.

“काकी!”

तिने वर पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या पायांवर होती. एक पाऊल, दोन, तीन, चार.

“जा!” ती म्हणाली.

थांबता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं. त्याने नुसते हात जोडले ते धावताधावता. पाठीमागे तिचा आवाज दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, “बम, पाय द्या इकडं.”

पुढे सुइया पहाडाच्या टोकदार दगडांवर, थकवा चढल्यावर, उजव्या गुडघ्यात ओळखीची कळ उठली. त्याने कान दिला. धप, धप. ढांग नकळत लांबली होती. त्याने पावलं आखडली, अंगाखाली घेतली. कटोरिया मागे पडलं तेव्हा कळ होती, पण वाढत नव्हती. तेवढ्यावर तो चालत-पळत राहिला.

सोमवारी सकाळी साडेआठला तो देवघरच्या दर्शनियाची कमान ओलांडून आत आला. गडू भरलेला होता, आणि तो दोन पायांवर उभा होता. देवळाजवळच्या शिवगंगा तळ्याकाठी घरचा पंडा, पिढीजात तीर्थपुरोहित, संकल्पाला बसला.

“कुणाच्या नावे?”

“सुनैना देवी.” बिंदेश्वरी म्हणाला. मग लगेच, “आणखी एक. फेकनी देवी.”

“गोत्र?”

“माहीत नाही.”

“मग काश्यप म्हणू. तुमच्या कोण लागतात?”

“जिलेबियाला असतात,” तो म्हणाला.

“एवढ्या जवळ? मग स्वतः का नाही येत?”

“श्रावणात त्यांना सवड नसते, येणाऱ्या बमांचे पाय धुतात. आजवर एकदाही आल्या नाहीत.”

पंड्याने हातातली पळी खाली ठेवली. पुन्हा उचलली, बिंदेश्वरीच्या तळहातावर पाणी सोडलं आणि ते नाव सावकाश, स्पष्ट, दोनदा उच्चारलं. चोवीस तास भरायच्या आत गडूतलं पाणी बाबाच्या पिंडीवर पडलं.

तर मायबापहो, बैजनाथाला जा न जा, आपल्या गावच्या देवापुढे तरी हात जोडालच. स्वतःचं मागून झालं की लगेच उठू नका. जिलेबिया मोडच्या फेकनी देवीची तेवढी आठवण करा. गोत्र काश्यप सांगितलं तरी चालतं.