टाकीवाली

संघात तिला सगळे टाकीवाली म्हणत. शर्यतीच्या गाडीत किती डिझेल भरायचं, गाडी कितव्या फेरीला ते भरायला आत बोलवायची, हे ठरवणं तिचं काम. संघ चालवणाऱ्या कंपनीला रस्त्यावरच्या डिझेल गाड्या खपवायच्या होत्या. म्हणून शर्यत नुसती जिंकायची नव्हती, कमी डिझेलात जिंकायची होती. ट्रक दुरुस्त करण्यात हयात घालवलेले तिचे बाबा यावर हसायचे. "डिझेल ओझं वाहायला असतं गं. म्हशीला नाच शिकवताय तुम्ही."

सहा तासांची शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं असताना धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबा गेले. आत्ताच. झोपेतच."

"बरं," ती म्हणाली.

"ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग निघतेस ना?"

"निघते," असं म्हणून तिने फोन खिशात ठेवला आणि कानांवर हेडफोन चढवले. ठरवून काही केलं असं नाही. गाड्या सुटल्या, पडद्यावर आकडे धावू लागले, आणि ती ते टिपत राहिली. दुपारी कुणीतरी हातात सँडविच दिलं. तेही तिने खाल्लं.

शेवटच्या तासात पुढच्या दोन्ही गाड्या इंधनाला आत गेल्या आणि त्यांची गाडी पहिल्या क्रमांकावर आली. तेवढ्यात ड्रायव्हरचा आवाज आला.

"टाकीचा लाल दिवा लागलाय. आत येऊ?"

"नको. उरलेल्या चार फेऱ्या निघतील. वळणाआधी पाय जरा लवकर उचल."

संघाचे साहेब तिच्यामागे येऊन उभे राहिले. "नक्की? गाडी मध्येच बंद पडली तर उद्या पेपरात आपलीच शोभा."

"निघतील," ती म्हणाली.

निघाल्या. मेकॅनिक एकमेकांच्या गळ्यात पडले. जाहिरातवाल्याने तिला ओढत गाडीपाशी नेलं आणि टाकीच्या झाकणावर तिचा हात ठेवायला लावला. "मॅडम, जरा हसा ना. डिझेलसाठी एक थांबा कमी, हेच तर विकायचंय आपल्याला." ती हसली. त्याने आणखी दोनदा हसायला लावलं, तेव्हाही हसली.

मग तिने साहेबांना सांगितलं, "मला घरी जायचंय. वडील वारले."

"अरे देवा. कधी?"

"सकाळी. शर्यतीच्या आधी."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, तेव्हाच बोलायचंस. मी सांभाळलं असतं सगळं."

"राहिलं बोलायचं," ती म्हणाली.

ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबांची खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. भावाने चहाचा कप पुढे केला. "चारपर्यंत थांबलो होतो गं. मग सगळे म्हणाले, आता नको."

तिने मान हलवली.

आत्या कोपऱ्यात बसली होती. "टीव्हीवर दिसलीस," ती म्हणाली. "हसत होतीस." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं टाकीवालीला वाटलं, पण तेही दुसऱ्याच कुणाबद्दल वाटावं तसं. आता तरी रडू येईल म्हणून ती बराच वेळ त्या खाटेकडे बघत बसली. चहावर साय धरली.

महिन्याभरात तो फोटो चौकाचौकांत लागला. गाड्या खपल्या. तिला ऑफिसात मोठी खोली मिळाली. भावाचा फोन मात्र आला नाही, आणि तिनेही केला नाही.

आला तो एका रविवारी.

"ताई, गाडी घ्यावी म्हणतोय. तुमचीच, डिझेलची. जाहिरातीत सांगतात तेवढं ॲव्हरेज खरंच देते का?"

"नाही देत," ती म्हणाली. "गावात पाचेक कमी धर. चाकात हवा नीट ठेवलीस तर तीनच."

"मग घेऊ का नको?"

"घे. गाडी चांगली आहे."

"बरं." तो घुटमळला. "बाबांची हत्यारांची पेटी तशीच पडलीय. तुला हवीय का?"

ती उभी होती ती खाली बसली. भावाने फोन धरून ठेवला.

"येते मी न्यायला," शेवटी ती म्हणाली. "पुढच्या रविवारी."

"जेवायलाच ये," भाऊ म्हणाला.